विचारलं, नको म्हणाले

मी नर्स नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या सासूबाई नाशिकला भेटेल त्याला 'आमची सून लंडनला नर्स आहे' असं सांगतात. त्यात दोन चुका आहेत. मी लंडनला नाही, साउथहॅम्प्टनला राहते. आणि मी नर्सिंग असोसिएट आहे, म्हणजे नर्सच्या एक पायरी खाली. इथे पूर्वी एन्रोल्ड नर्स नावाची जागा असायची. ती मध्ये बंद झाली आणि माणसं कमी पडायला लागल्यावर साधारण तसलीच जागा नव्या नावाने परत आली. गोळ्या देणं, इंजेक्शन टोचणं, जखमा बांधणं हे सगळं मी करते, मोठे निर्णय नर्स घेते. संपादकांनी 'कामातले गमतीदार अनुभव लिहा' असं कळवलं होतं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की हात एकाच ठिकाणी जातो, तेव्हा तेच लिहिते.

नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. पुण्यात मी बालवाडी चालवायचे. तीस मुलांना डबा खाऊ घालून, हात धुऊन, रडणाऱ्याला कडेवर घेऊन घरी पाठवायचं, हे माझं पंधरा वर्षांचं शिक्षण. दोन वर्षं घरात बसून भिंतींचा कंटाळा आला तेव्हा मी हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून लागले. पेशंटला आंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं, कमोडवर बसवायचं. आमच्या ओळखीतल्या काही बायकांना हे ऐकून कसंसंच झालं. मला मात्र ते काम पहिल्या आठवड्यातच आवडलं. बालवाडीच होती ती, फक्त मुलं ऐंशी वर्षांची.

आणि बालवाडीतली सवय तिथेही आलीच. आमच्या वॉर्डात एक इंग्लिश आजी होत्या, जेमतेम दोन घास खाऊन चमचा ठेवायच्या. मी त्यांच्याजवळ बसून, हा माझ्यासाठी, हा तुमच्या नातीसाठी, असं करत सबंध वाटी संपवली. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. दुपारी वॉर्डच्या सिस्टरने, म्हणजे तिथल्या मुख्य नर्सने, मला बाजूला घेतलं. आजींनी तक्रार केली होती की ही बाई माझं ऐकत नाही. सिस्टर रागावली नाही, शांतपणे समजावून सांगितलं. माणूस आजारी असला तरी तोंड त्याचं आहे, नाही म्हणायचा हक्क त्याचा आहे. तू एकदा विचार, नाही म्हणाले तर लिहून ठेव, थोड्या वेळाने परत विचार. मागे लागायचं नाही. मला त्या दिवशी फार लाज वाटली. आग्रह ही आपल्याकडे माया असते, इथे त्याला बळजबरी समजतात, हे मी मनाशी पक्कं लिहून घेतलं.

पुढच्याच वर्षी हॉस्पिटलने मला नर्सिंग असोसिएटच्या दोन वर्षांच्या कोर्सला घातलं. हा कोर्स अर्धा घरात आणि अर्धा दारोदार असतो. मंगळवारी घरी बसून ऑनलाइन लेक्चर, अधूनमधून युनिव्हर्सिटीत जाऊन रबरी बाहुल्यांवर सुया टोचणं, बाकीचे दिवस आपल्या वॉर्डात काम, आणि मधून मधून काही आठवडे दुसऱ्या ठिकाणी प्लेसमेंट. घरोघरी जाणाऱ्या नर्सबरोबर, मानसिक आजारांच्या वॉर्डात, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. प्रत्येक ठिकाणी एक नर्स तुमची सुपरवायझर असते आणि तुम्हाला काय काय जमलं त्यावर ती एकेक सही करते. सह्या पुऱ्या झाल्या की पास. माझी लेक्चरं स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायची. एकदा हृदयाच्या झडपांवर मला प्रश्न विचारला आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. शिक्षकांना वाटलं घरात फायर अलार्म वाजला, आणि त्यांनी मला आधी बाहेर पडायला सांगितलं. तुरीची डाळ आहे हे सांगेपर्यंत वर्गातले सगळे काळजीत पडले होते.

अभ्यासात मी चांगली होते, हे सांगायला हरकत नाही. संमती या विषयावरच्या निबंधात तर मी वर्गात पहिली आले. पेशंटच्या नकाराचा मान कसा राखावा, यावर मी आठ पानं लिहिली होती.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात माझी प्लेसमेंट गावाबाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये लागली. तिथे माझी सुपरवायझर होती ग्रेस नावाची घानाची नर्स, कमी बोलणारी आणि सगळं पाहणारी. आणि होती पॅट. पॅट तिथली जुनी केअरर, म्हणजे माणसांना न्हाऊखाऊ घालणारी. तिशीत लागली आणि साठीला आली तरी तिथेच. एकही सर्टिफिकेट नाही, ऑनलाइन ट्रेनिंगचं नाव काढलं की नाक मुरडणार, आणि चहाच्या गाडीवर दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.

पॅटच्या माणसांमध्ये एक डॉक्टर मोघे होते. वय चौऱ्याऐंशी. मूळचे नागपूरचे, तरुणपणी इथे आलेले, भूलतज्ज्ञ म्हणून चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांमध्ये काढलेली. बायको बारा वर्षांपूर्वी गेलेली. आता स्मृती गेली होती, पण सकाळी टाय बांधल्याशिवाय खोलीबाहेर यायचे नाहीत. त्यांची मुलगी नीला इथेच जन्मलेली, पन्नाशीची, दर रविवारी येणारी. एक मराठी शिकाऊ बाई आली आहे हे कळल्यावर तिने मॅनेजरला विनंती केली की बाबांकडे तिला द्या, त्यांच्याशी धड मराठी बोलणारं आता कोणी उरलं नाही. सगळ्यांनाच ते पटलं. माणसाला त्याच्या भाषेत सेवा मिळावी, हे तर आमच्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात होतं. शनिवार, रविवार, सोमवार असे माझे तीन दिवस सकाळी आठ ते रात्री आठ त्यांच्यापाशी ठरले. पॅटला दुसऱ्या बाजूच्या खोल्या दिल्या. ग्रेस त्या आठवड्यात रजेवर होती आणि तिच्या जागी एजन्सीची नर्स होती, तिला तीसएक माणसं सांभाळायची होती. नीला नेमकी त्या रविवारी कामासाठी स्कॉटलंडला जाणार होती. आता वसुधा आहे, मला काळजी नाही, असं ती फोनवर म्हणाली.

मी खोलीत गेले आणि म्हटलं, "नमस्कार डॉक्टर. मी वसुधा, पुण्याची."

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. टायची गाठ सारखी केली. म्हणाले, "नमस्कार वहिनी. जाता जाता म्हटलं डोकावून जावं. साहेब अजून आले नाहीत वाटतं?"

स्मृती गेलेल्या माणसाचं खोडून काढायचं नाही, तो ज्या जगात असेल तिथे त्याच्याबरोबर जायचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी म्हटलं, येतीलच एवढ्यात, बसा ना. ते खुर्चीच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. नागपूरचं हवामान झालं, कोणाच्या तरी मुलाच्या मेडिकलच्या ॲडमिशनचं झालं. किती दिवसांनी कोणीतरी मला 'वहिनी' म्हणत होतं. मी चहा घेणार का विचारलं.

"नको नको, वहिनी. आत्ताच झाला. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका."

दाराशी लटकवलेल्या फ्लुइड चार्टवर मी वेळ टाकली, चहा लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'विचारलं, नको म्हणाले.' इंग्रजीत एकच शब्द असतो त्याला. फ्लुइड चार्ट म्हणजे माणसाने दिवसभरात काय आणि किती प्यायलं याची नोंद, तासातासाची. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, म्हणून ती ठेवतात.

तासाने पाणी विचारलं. नको, आत्ताच घेतलं. संत्र्याचा रस विचारला. छे छे, कशाला. प्रत्येक वेळी इतक्या अदबीने, किंचित वाकून, की मला त्यांच्या वळणाचं कौतुक वाटायचं. मी एकदा विचारायचे, मान राखून पेला त्यांच्या हाताशी ठेवायचे आणि चार्टवर लिहायचे. पेला तसाच राहायचा. जेवणाच्या हॉलमध्ये थोडं पोटात जायचं, सकाळी आणि झोपताना गोळ्यांबरोबर घोटभर. ऑगस्टमधला तो आठवडा इथल्या मानाने फार गरम होता. पुण्याचा माणूस हसेल असा उन्हाळा, पण इथल्या खोल्या ऊन धरून ठेवतात आणि नर्सिंग होमच्या खिडक्या सुरक्षेसाठी वीतभरच उघडतात.

दुसऱ्या दिवशी मी एजन्सीच्या नर्सला सांगितलं की डॉक्टर फारसं पीत नाहीत. तिने विचारत राहा म्हणून सांगितलं. मी विचारत राहिले. दिवसातून बारा वेळा विचारलं असेन, पण दर खेपेला एकदाच. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ सुकलेले दिसले, लघवी गडद झाली होती, आणि साहेब कुठे आहेत हे ते पुन्हा पुन्हा, जरा घाबरून विचारायला लागले. मी ते सगळं लिहिलं आणि नर्सला सांगितलं. तिने होमच्या डॉक्टरांना फोन लावला, ते उद्या येतो म्हणाले. आठ वाजता मी निघाले तेव्हा डॉक्टर मोघ्यांनी मला सांगितलं की आज फार वेळ बसलो, आता साहेबांना पुन्हा कधीतरी भेटेन. मी घरी जाऊन नवऱ्याला हे हसत हसत सांगितलं, आणि तोही हसला.

मंगळवारी मी स्वयंपाकघरात बसून लेक्चर ऐकलं. बुधवारी सह्यांसाठी होममध्ये गेले तर पलंगावरची चादर काढलेली होती. मंगळवारी सकाळी ते नीट जागेच झाले नाहीत आणि ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलात नेलं, माझ्याच हॉस्पिटलात. मूत्रपिंडं थकली होती, छातीत कफ भरला होता.

ग्रेस रजेवरून आली होती. हॉस्पिटलने कागद मागवले होते म्हणून तिने मागच्या दोन आठवड्यांचे फ्लुइड चार्ट ऑफिसच्या टेबलावर ओळीने मांडले होते. मी तिच्या शेजारी उभी होते. पॅटच्या दिवसांचे रकाने भरलेले होते, दीडशे मिलिलिटर, दोनशे, दीडशे, तिच्या गिचमिड अक्षरात. मग माझे तीन दिवस. सुवाच्य अक्षर, वेळा मिनिटासकट, आणि वरपासून खालपर्यंत तोच एक शब्द. ग्रेसने पॅटला बोलावून विचारलं की डॉक्टर तुलाही नाही म्हणायचे का. पॅटला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "मी कुठे विचारते? हा तुमचा चहा, डॉक्टर, म्हणते आणि हातात देते. पितात बिचारे."

मला तेव्हा कळलं.

पॅटबरोबर ते इंग्रजीत असायचे, म्हणजे कामावर असायचे. ऑपरेशनं उरकून बसलेल्या डॉक्टरला कोणीतरी चहा आणून देतं आणि तो पितो, त्यात काही संकोच नाही. मी खोलीत शिरून मराठी बोलले आणि ते कोणाच्या तरी घरी पाहुणे झाले. घरधनी घरात नाही, वहिनी एकट्या, चांगल्या घरात वाढलेला माणूस पहिल्या विचारण्याला हो म्हणेल कसा? त्याने नको म्हणायचं असतं. मग आपण म्हणायचं, अहो, घ्या की अर्धा कप. त्याने म्हणायचं, बरं, पण अगदी अर्धाच. माझ्या आईने हे रोज केलं, मी स्वतः लग्नानंतर वीस वर्षं केलं. आणि दुसऱ्याच्या घरात हाताशी ठेवलेला पेला आपणहून कोण उचलतं? ते तीन दिवस माझ्या घरी बसून वाट पाहत होते की ही बाई दुसऱ्यांदा कधी म्हणते. तहानलेला माणूस, भर उन्हाळ्यात. आणि मी नकाराचा मान राखत होते.

मी हे सगळं ग्रेसला सांगितलं, जमेल तसं, रडत. मग तिने आठवण करून दिली की ज्याची समज गेली आहे त्याचा नकार तसाच उचलायचा नसतो, तो का नाही म्हणतो आहे हे शोधायचं असतं. तेही माझ्या त्या आठ पानांत होतं. ती पुढे म्हणाली की कफ कदाचित आधीपासून असेल, नुसत्या पाण्याने असं झालं असं कोणी म्हणणार नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, की खरं म्हणून म्हणाली, मी कधी विचारलं नाही.

प्लेसमेंटमध्येही माझा गुरुवार माझ्या वॉर्डातच असायचा. तिथून सुटल्यावर मी युनिफॉर्मवरच त्यांच्या वॉर्डात गेले. हाताला सलाईन, टाय नाही, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी ओल्या स्पंजची काडी होती, ओठ भिजवायची. ती घेऊन मी त्यांचे ओठ भिजवले. मराठीत तोंड उघडायची मला भीती वाटली. ते नवव्या दिवशी गेले.

मग रीतीप्रमाणे चौकशी झाली. मॅनेजरने कागद तपासले. दर तासाला विचारलेलं, नकार नोंदवलेला, वरिष्ठांना कळवलेलं, डॉक्टरांना फोन केलेला. माझ्या नोंदी इतरांना नमुना म्हणून दाखवाव्यात इतक्या चांगल्या आहेत, असं त्या अहवालात आलं.

कोर्समध्ये प्रत्येक प्लेसमेंटवर एक चिंतन लिहावं लागतं. काय घडलं, काय वाटलं, काय शिकलात, पुढच्या वेळी वेगळं काय कराल, असे त्याचे ठरलेले रकाने असतात. मी दुसरा विषय घेणार होते. ग्रेस म्हणाली हाच लिही, नाहीतर तुझ्या आत सडेल. मी नावं बदलून लिहिलं. 'पुढच्या वेळी' या रकान्यात काय लिहायचं ते दोन दिवस सुचलं नाही. त्या चिंतनाला मला आजवरचे सगळ्यात जास्त गुण मिळाले. शिक्षकांनी खाली लिहिलं की सांस्कृतिक जाण असावी तर अशी. अन्नपाण्याच्या रकान्यावर ग्रेसने सही केली आणि मी पास झाले. आज वॉर्डात नवीन मुली माझ्याकडे चार्ट शिकायला येतात आणि मी त्यांना शिकवते, पण अक्षर चांगलं काढा असं कधी सांगत नाही.

माझ्या प्लेसमेंटच्या शेवटच्या दिवशी नीला वडिलांचं सामान न्यायला आली. दोन बॅगा, टायांचा एक डबा, आईचा फोटो. मला शोधत स्टाफरूमपर्यंत आली आणि मला मिठी मारली.

"थँक यू, वसुधा. बाबांना शेवटी मराठी बोलायला मिळाला. माय बिगेस्ट विश होती ती."

आता गप्प बसता आलं असतं. ती दुःखात होती, आणि तिला हा एवढाच आधार होता. कितीतरी वेळा मी विचार करते की गप्प बसायला हवं होतं का. पण तिचे हात माझ्या खांद्यांवर होते आणि मला ते सहन होईना. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ते मला वहिनी म्हणायचे, मी एकदा विचारायचे, ते नको म्हणायचे, आणि ते नको खरं नव्हतं, मला ते कळायला हवं होतं.

नीलाने नीट ऐकून घेतलं. मग ती माझ्याकडे जरा गोंधळून पाहत म्हणाली, "पण ते नको म्हणाले ना? त्यांचा चॉइस होता. यू आस्क्ड, ही सेड नो. तुम्ही रिस्पेक्ट केला. मी पण तेच केला असता."

मी पुन्हा एकदा समजावून पाहिलं. ती मान हलवत होती, माझा हात थोपटत होती. तिने मला अगदी मनापासून माफ केलं. ती इथे वाढली होती, तिला माफ करणं सोपं होतं. जाताना तिने फोटो काखेत धरला होता, काच बाहेरच्या बाजूला. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू, फोटोवाल्याकडे जरा संशयाने बघणारी बाई. आयुष्यभर डॉक्टरांचे आणि त्यांच्या पाहुण्यांचे चहा हिनेच केले असणार.

ती असती तर तिने माझ्यावर आरडाओरडा केला नसता, तक्रारही केली नसती. तिने फक्त विचारलं असतं, "अगं, एकदाच विचारलंस?"